बरडीवरची रतनजोत

कोसंबटोल्याच्या बाया सरपणाला निघाल्या की गावाच्या माथ्यावरच्या बरडीवरून सरळ जंगलात शिरायच्या. सोनीबाई तेवढी नाल्याच्या काठाने वळसा घेऊन जायची. परतताना डोक्यावर मोळी असली तरी तोच वळसा. गावातल्या जुन्या बायांना कारण ठाऊक होतं, म्हणून त्या काही म्हणत नसत. नव्याने नांदायला आलेल्या पोरींना वाटायचं, बाईचा काही नवस असेल.

बरड म्हणजे मुरमाड चढण. तिथे धान होत नाही, पाणी ठरत नाही. गुरं चरतात, पोरं बोरं वेचतात. आणि वरच्या कडेला रतनजोतीची झुडपं उभी होती, आपोआप उगवल्यासारखी दाट. ती आपोआप उगवलेली नव्हती.

त्या वर्षी माघात, मळणी आटोपून गाव जरा सैलावलं होतं, तेव्हा नागपूरहून जमीन बघणारी माणसं आली. दीपाली मॅडम मातीच्या जाणकार. त्यांच्याबरोबर प्रफुल्ल नावाचा तरुण, तो यंत्रावर नकाशे काढायचा. ज्या झाडांच्या बियांपासून गाड्यांचं इंधन करता येतं, ती या भागात कुठे येतील, कुठे येणार नाहीत, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. धानाच्या बांध्यांना, म्हणजे पिकत्या शेतांना हात लावायचा नाही, पडीक जमिनीचं बघायचं, असं त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं. शाळेच्या एका खोलीत त्यांनी बाडबिस्तरा टाकला. जेवणाचं सोनीबाईकडे ठरलं, कारण तिचं घर शाळेला लागून होतं आणि तिच्या हाताला चव होती.

त्यांना जमिनीची माहिती असलेलं कुणी हवं होतं. ग्रामसभेचे अध्यक्ष मुखरूभाऊ यांनी सोनीबाईचा मुलगा निकेश याला त्यांच्याबरोबर दिलं. निकेश चोवीस वर्षांचा, बारावी झालेला, कामाला वाघ, पण बोलायला अगदी कंजूष. लहानपणापासून तसाच. विचारलं तेवढं सांगायचं आणि अंगणात जाऊन बसायचं. सोनीबाईला वाटायचं, याचं लग्न झालं की बायको तरी याच्याशी कशी बोलेल?

पण त्या कामाने जादू केली. माती काढायचं लांब पोलादी गिरमीट त्याने हातात धरलं आणि पोरगं खुललं. संध्याकाळी घरी आला की चुलीपुढे बसून सांगायचा.

"माय, आपल्या बोडीखालची माती ना, हातभर खाली गेलं का निळी निघते. निळी! पाणी साचून राहते म्हणून. आन् तिकडं टेकडीकडं लालभडक."

"माती थे माती," सोनीबाई भाकर थापता थापता म्हणायची.

"नाई व माय. मॅडम म्हणते, मातीले विचारता आलं पायजे. मंग ते सांगते, माह्यात काय येते आन् काय येत नाई."

बुधू, त्याचा बाप, भिंतीला टेकून ऐकायचा. तोही कमी बोलणारा. पण पोराच्या गोष्टी ऐकताना त्याची विडी विझून जायची, हे सोनीबाईच्या ध्यानात आलं होतं. कित्येक वर्षांनी घरात आवाज होता. तिने मनात म्हटलं, ही माणसं पावसाळ्यापर्यंत राहिली तरी चालेल.

निकेशने त्यांना नाला दाखवला, टेकडी दाखवली, जुनी पडीक बांधी दाखवली. बरडीवर त्यांना त्याने सर्वांत शेवटी नेलं.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवायला बसले. दीपाली मॅडम खुशीत होत्या.

"सोनीबाई, तुमच्या बरडीवर आज मला मजाच वाटली," त्या म्हणाल्या. "वरच्या कडेला ती रतनजोत आहे ना? कोणी पाणी घालत नाही, कोणी बघत नाही, तरी किती छान तगली आहे! आम्ही एवढे खड्डे खणतो, माती तपासतो, पण ती झुडपंच सांगून राहिली आहेत की ही जमीन तेलबियांच्या झाडांना चांगली आहे. याहून चांगला पुरावा नाही."

सोनीबाईच्या हातातली डाव भाताच्या गंजातच राहिली. बुधूने ताटावरून मान वर केली नाही. निकेशने हातातला घास परत ताटात ठेवला, पाण्याचा तांब्या उचलला आणि हात धुवायला बाहेर गेला. तो आत आला नाही.

"तिखट झालं का त्याला?" मॅडमनी विचारलं.

"दिवसभर उन्हात होता," सोनीबाई म्हणाली, आणि तिने सगळ्यांना पुन्हा भात वाढला. कुणी मागितला नव्हता.

रतनजोत गावात आली तेव्हा आनंदच होता. या झाडाच्या बियांतून तेल निघतं, त्या तेलावर गाड्या पळतात, असं योजनेच्या लोकांनी सांगितलं होतं. गावाने तिचं नावच ठेवलं, डिझेलचं झाड. बुधूने इतरांबरोबर खड्डे खणले, स्वतःच्या हाताने रोपं लावली, पहिल्या उन्हाळ्यात बोडीतून, गावाच्या लहान तळ्यातून, घागरी वाहून पाणी घातलं. दोन-तीन वर्षांनी फळं धरली. बी घ्यायला येणारी माणसं एकदा आली आणि पुन्हा फिरकली नाहीत. मग बी पिकायचं, काळं पडायचं, झाडाखाली सांडायचं. बकऱ्या त्या झाडाला तोंड लावत नसत. त्यावरून गावाला शहाणपण यायला हवं होतं. पण ते बी विषारी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

सोनीबाईला निकेशच्या पाठची एक मुलगी होती. दिव्यानी. पंधरा वर्षांपूर्वी, धानकापणीच्या दिवसांत, ती पाच वर्षांची होती आणि हिवतापातून नुकतीच उठली होती. पायांत जोर नव्हता म्हणून तिला बांधीत नेलं नाही. "बहिणीकडं पाहाजो," असं नऊ वर्षांच्या निकेशला बजावून सोनीबाई विळा घेऊन गेली. पोरं खेळत खेळत बरडीवर गेली. दुपारी गावातून कुणी तरी धावत बांधीवर आलं. पोरं एकामागून एक ओकत होती. रतनजोतीच्या बिया खाल्ल्या होत्या त्यांनी. ते बी चवीला गोड, शेंगदाण्यासारखं लागतं.

बाकीची पोरं ओकून ओकून वाचली. निकेशही वाचला. दिव्यानीच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. तालुक्याच्या वाटेवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बापाच्या मांडीवर ती गेली.

तिला मोहाखाली पुरलं. त्यानंतर बुधू कुऱ्हाड घेऊन बरडीवर गेला आणि त्याने सगळी रतनजोत बुडापासून तोडली. पाऊस आला आणि एकेका बुंध्याला चार चार फुटवे आले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा तोडली, ती पुन्हा आली. मग त्याने कुऱ्हाड छपरात खोचून ठेवली आणि तो विषय घरात परत निघाला नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती एकट्या सोनीबाईला ठाऊक होती. दिव्यानीचे दिवस झाल्यावर तिने निकेशचा सदरा धुवायला घेतला, तेव्हा खिशातून काळी टरफलं निघाली. पुष्कळ. दगडाने ठेचून, नीट सोलून काढलेली. दिव्यानीला दगडाने बी फोडता येत नव्हतं. सोनीबाई नाल्याच्या काठी किती तरी वेळ तो सदरा घेऊन बसली. मग तिने टरफलं पदरात बांधून घरी आणली आणि चुलीत घातली. नऊ वर्षांच्या लेकराला काय विचारायचं? तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. तिला वाटलं, आपण बोललो नाही तर ते पोराच्या मनातूनही निघून जाईल. गवत वाढतं आणि वाट बुजते, तसं.

काम संपत आलं तेव्हा समाजमंदिरासमोर ग्रामसभा बसली. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. निकेश मॅडमच्या मागे नकाशाची गुंडाळी धरून उभा होता.

दीपाली मॅडमनी नीट, सोप्या शब्दांत सांगितलं. नाल्याकडची पडीक जमीन कामाची नाही, पावसाळ्यात पाणी साचतं. टेकडीवर माती फार कमी. बरड मात्र योग्य आहे, तिथे करंज चांगला येईल. गुरांसाठी अर्धी बरड मोकळी ठेवता येईल. करायचं की नाही, हे गावाने ठरवायचं.

लोकांना ते पटल्यासारखं दिसलं. मग प्रफुल्ल म्हणाला, "रोपं लहान असताना गुरं शिरू नयेत म्हणून भोवती रतनजोतीचं कुंपण करता येईल. इथली झुडपं आहेतच, त्यांच्याच फांद्या लावायच्या. फुकटात काम."

सोनीबाई उठून उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा लोकांना वाटलं, ती घरी निघाली.

"करंज लावा," ती म्हणाली. "करंज आमाले ठाऊक आहे. कडू जहर आहे, तोंडात धरवत नाई. लेकरानं तोंडात घातला तर थोच सांगते का बापा मले खाऊ नोको. पन हे झाड नोको. हे गोड लागते."

मॅडमना कळेना. त्यांनी मुखरूभाऊंकडे पाहिलं.

"माही पोट्टी याच झाडानं गेली," सोनीबाई म्हणाली. "दिव्यानी नाव होतं. तुमी त्या दिवशी म्हटलं ना, हे झाड जगलं म्हनजे जमीन चांगली. झाड जगलं, बाई. कुंपनाले नोको. आहे थे बी मुळासकट काढा."

दीपाली मॅडमचा चेहरा उतरला. त्या पुढे येऊन काही म्हणणार, एवढ्यात मुखरूभाऊंनी मोठा सुस्कारा टाकला. माणूस मनाने वाईट नव्हता. जुनी आठवण निघाली की बोलणाऱ्यांतला होता.

"खरं आहे बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी गावात चूल नव्हती पेटली. पन मले अजून समजलं नाई, त्या पोट्ट्यांले बी फोडून खायचं दाखवलं कोनं?"

प्रश्न कुणाला उद्देशून नव्हता. पण सोनीबाईची नजर निकेशकडे गेली.

ती मुद्दाम गेली नाही. तिने पंधरा वर्षं जीभ आवरली होती, त्या एका क्षणी डोळे आवरता आले नाहीत. निकेश तिच्याकडेच पाहत होता. मायलेकांची नजर भेटली आणि त्याला कळलं की आईला ठाऊक आहे. तिलाही कळलं की ते त्याच्या मनातून कधीच निघून गेलं नव्हतं.

त्याने हातातला नकाशा हळूच टेबलावर ठेवला आणि तो घराकडे न जाता रस्त्याकडे चालू लागला. तिला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली असती तर सगळ्या गावाने वळून पाहिलं असतं.

सभा उठल्यावर दीपाली मॅडम तिच्या ओसरीवर आल्या. "सोनीबाई, मी तुमच्या घरात, तुमच्या हातचं जेवताना ते बोलले," त्या म्हणाल्या.

"तुले काय ठाऊक, माय," सोनीबाई म्हणाली. "चहा घेतं का?" पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

निकेश संध्याकाळी आला. पिशवी भरली. गडचांदूरला त्याचा एक शाळेतला मित्र सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता, त्याने बोलावलं आहे म्हणाला.

"आत्ताच कोनं बलावलं?" बुधूने विचारलं.

"बलावून राह्यला होता कवापासून."

"काम सरलं नाई मॅडमचं."

"सरलं."

त्याने बापाच्या पायांना हात लावला. आईसमोर वाकला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. सोनीबाई म्हणाली, "निकेश, आयक." तो म्हणाला, "गाडी जाईल माय," आणि निघाला.

तो होळीला आला नाही. मोह वेचायच्या दिवसांत आला नाही. तेंदूपत्त्यालाही नाही. फोन यायचा, बुधूशी बोलायचा. आईला दे म्हणायचा नाही.

वैशाखात बरडीवर यंत्र आलं. मॅडमनी आपला शब्द पाळला होता. करंजाचे खड्डे खणायच्या आधी रतनजोत मुळासकट काढायची, असं त्यांनी कळवून ठेवलं होतं. सोनीबाई त्या दिवशी इतक्या वर्षांनी बरडीवर गेली. बुधूही तिच्या मागून आला. यंत्राचा पंजा जमिनीत शिरायचा आणि झुडूप मातीसकट वर यायचं, लहान पोराने गवताची काडी उपटावी तसं. सकाळचं ऊन तापायच्या आत सगळं संपलं. जिच्यापायी बुधूने दोनदा कुऱ्हाड झिजवली, ती एका ढिगात आडवी पडली होती.

सोनीबाईला वाटलं होतं, छातीवरचं काही तरी उतरेल. तसं काही झालं नाही. तिथे नुसती उकरलेली माती होती.

बुधू ढिगाशी उकिडवा बसला. त्याने एक मूळ हातात घेतलं, चाचपलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. दिव्यानी गेली तेव्हाही सोनीबाईने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"म्या लावली होती व," तो म्हणाला. "या हातानं. पानी घातलं. बाकीच्यांची मेली, माही जगली."

सोनीबाई त्याच्याजवळ बसली. हा माणूस तिच्या शेजारी पंधरा वर्षं झोपत होता आणि तिला हे ठाऊक नव्हतं. तिने तेव्हा त्याला सांगितलं. सदरा, खिसा, टरफलं, चूल. सभेतली नजर. निकेश का गेला ते.

बुधूने सगळं ऐकलं. बराच वेळ तो मुळावरची माती नखाने काढत राहिला.

"लेकरू होतं थे," तो म्हणाला. "एवढुसं लेकरू. जा, त्याले सांगून ये."

"तुमी चला."

"माह्यानं नाई बोलनं होत. तू जा."

ती दुसऱ्या दिवशीच निघाली. गडचिरोलीहून चंद्रपूरची गाडी मिळाली. सावली गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या रिकाम्या बांध्या होत्या. चंद्रपुरात गाडी बदलली. गडचांदूर जवळ आलं तशी झाडांची पानंच पांढरी दिसायला लागली, राख फासल्यासारखी. विचारत विचारत ती खोलीवर पोहोचली. निकेश कामावरून यायचा होता. ती पायरीवर बसून राहिली.

तो आला तो भुवयांपर्यंत पांढरा होता. क्षणभर तिने ओळखलंच नाही.

"बा बरा आहे ना?" त्याने आधी विचारलं.

"बरा आहे. तुह्यासाठी आली."

त्याने तोंड धुतलं, कोपऱ्यावरून चहा आणला. ती म्हणाली, "मले पयल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुह्या सदऱ्यात टरफलं होती. म्या जाळली. तुह्यावर राग नोयता. एक दिवस बी नोयता."

निकेश चहाच्या पेल्याकडे पाहत राहिला.

"थे मांगत नोयती, माय," तो म्हणाला. "मीच म्हटलं, खाऊन पाह्य, शेंगदान्यावानी लागते. तिले फोडता येत नोयतं तं फोडून देल्लं. थे म्हने, दादा आनखी. मी आनखी देल्लं."

"तूनं बी खाल्लं होतं."

"मी वाचलो ना."

"नऊ वर्साचा होता तू. मोठ्याइले समजलं नाई, तुले कसं समजन?"

"हे मले समजते," तो म्हणाला. "रोज समजावतो मी मले." मग त्याने पहिल्यांदा मान वर केली. "पन त्या दिवशी तूनं पाह्यलं माह्याकडं."

सोनीबाईला खोटं बोलता आलं असतं. सहज नजर गेली, दुसरीकडे पाहत होते, असं काहीही.

"हो," ती म्हणाली. "पाह्यलं."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत सिमेंट होतं, धुऊनही राहिलेलं, बोटांना खरखरीत लागलं. तो तसाच बसून राहिला, हात झटकला नाही. बाहेरून कारखान्याची घरघर येत होती.

"घरी चाल," ती म्हणाली. "थे झाड काढलं. एक बी नाई राह्यलं. तुह्या बानं पाठवलं मले."

"येईन ना."

"कवा?"

"येईन, माय. आत्ता नोको म्हनू. तुमी दोघं समोर दिसले का मले थेच दिसते. इथी कोनी वळखत नाई मले. काम करतो, झोपतो."

ती त्याच्याकडे एक रात्र राहिली. त्याच्या भांड्यांत तिने भात शिजवला, कपडे धुतले. सकाळी त्याने तिला गाडीत बसवून दिलं, खिडकीशी जागा पाहून दिली, पाण्याची बाटली आणून दिली. गाडी सुटायला उशीर होता, तरी तो कामावर जायचं सोडून खिडकीखाली उभा राहिला.

"पायाले जपजो," तो म्हणाला. "वळसा घेऊन नोको जात जाऊ आता. मोळी जड असते."

सोनीबाईने मान डोलावली. तिला वाटलं होतं, तिच्या वळशाचा हिशेब फक्त गावच्या बाया ठेवतात.

अंधार पडायच्या आत ती कोसंबटोल्याला पोहोचली. बुधू फाट्यावर येऊन बसला होता. गाडीतून ती एकटीच उतरली, तेव्हा त्याने तिच्या मागे दारात पाहिलं, गाडी निघेपर्यंत पाहिलं. मग तिच्या हातातली पिशवी घेतली.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"बारीक झाला. जेवते म्हने वेळेवर."

"बोलला का?"

"बोलला," सोनीबाई म्हणाली. "बराच बोलला."

आणि मग रस्त्यातच, पिशवी धरलेल्या नवऱ्यासमोर, तिला रडू आवरेना.